इसब : रक्तातला दोष की भिंतीतली भेग?

आपल्या भाषेत त्वचेच्या विकारांच्या नावांना तोटा नाही. नायटा, गजकर्ण, खरूज, घामोळे, शिबे, इसब ही नावे आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकली आहेत. परंतु त्यांतले कोणते नाव कोणत्या विकाराला लावायचे, याविषयी चांगल्या सुशिक्षित घरांतूनही विलक्षण गोंधळ आढळतो; आणि नावाचा गोंधळ झाला म्हणजे औषधाचाही होतो. शेजारच्या काकूंना ज्या मलमाने गुण आला तेच मलम आपल्या मुलाला लावले जाते, आणि काही आठवड्यांत आटोक्यात यायचा विकार वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो.

ज्या विकाराने सहसा माणूस दगावत नाही, त्याच्याकडे समाजाचे लक्ष जात नाही. पण रात्रभर अंग खाजवीत तळमळणारे मूल, त्याच्या उशाशी जागणारी आई, बोटांना भेगा पडल्यामुळे थापी हातात धरता न येणारा गवंडी, चेहरा काळवंडल्यामुळे चारचौघांत जाण्याचे टाळणारा शेतकरी, यांच्या दुःखाची मोजदाद कोणत्या मापाने करावी? म्हणून इसब म्हणजे काय, तो कशाने होतो आणि त्याच्याबरोबर नीट कसे राहता येते, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: इसब हा बहुधा 'घालवून टाकण्याचा' विकार नव्हे, तो समजून सांभाळण्याचा विकार आहे, आणि सांभाळण्यात कामे दोनच. त्वचेची डागडुजी रोजच्या रोज करावयाची, आणि तिच्यावर घाव घालणारा कोण, तो शोधून काढावयाचा.

जुनी नावे आणि जुनी भीती

इसबाला इंग्रजीत एक्झिमा म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक. 'उकळून वर येणे' असा त्याचा अर्थ. तापलेल्या दुधावर बुडबुडे यावेत तशा बारीक पुटकुळ्या लाल झालेल्या त्वचेवर येतात, त्या फुटतात, पाणी झिरपते, खपली धरते. कंड तर सुरुवातीपासूनच असतो. विकार जुना झाला की पाणी आटते, त्वचा जाड, काळपट व खरबरीत होते आणि तिच्यावरच्या रेषा ठळक दिसू लागतात. आपल्या चरकसंहितेत 'विचर्चिका' या नावाने वर्णिलेला विकार याच्याशी पुष्कळच जुळतो. कंड, सावळ्या पुटकुळ्या आणि भरपूर स्राव ही लक्षणे तेथे सांगितली आहेत.

मात्र त्या ग्रंथांत विचर्चिकेची गणना 'क्षुद्रकुष्ठां'त केलेली आहे. प्राचीन वैद्यकात 'कुष्ठ' हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांना मिळून वापरीत. आज आपण ज्याला महारोग म्हणतो, तेवढ्यापुरता तो नव्हता. पुढे शब्दाचा अर्थ आक्रसला आणि भीती तेवढी मागे राहिली. इसब झालेल्या माणसाचा पेला वेगळा ठेवणे, मुलीचे लग्न ठरेपर्यंत तिचा इसब झाकून ठेवणे, हे प्रकार त्या भीतीचेच अवशेष होत. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की इसब संसर्गजन्य नाही. तो स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, एका अंथरुणावर निजल्याने लागत नाही.

दुसरी समजूत 'रक्त बिघडल्या'ची. रक्त शुद्ध करण्यासाठी कडू काढे, जुलाब, कडक उपास असे उपाय होतात, आणि ते बहुधा वाढत्या वयाच्या मुलावर होतात. खरा दोष पुष्कळ वेळा असतो तो रक्तात नव्हे, तर सर्वांत वरच्या, पापुद्र्याएवढ्या थरात.

तट आणि त्याची भेग

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुन्या पिढीचे औरंगाबाद, हे बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. दरवाजे म्हटले की तट आलाच. तटाचे काम दुहेरी असते: आतले राखायचे आणि बाहेरच्याला थोपवायचे. आपली त्वचा हा असाच तट आहे. तिच्या सर्वांत वरच्या थरातील चपट्या, निर्जीव पेशी म्हणजे दगड, आणि त्यांच्यामध्ये भरलेली स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना. अमेरिकेतील त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात विटा आणि चुना अशीच उपमा रूढ केली. चुना भरलेला असेल तोवर अंगातले पाणी आत राहते आणि धूळ, साबण, जंतू बाहेर राहतात. चुना झडला की पाणी उडून जाते, त्वचा कोरडी पडते, आणि बाहेरचे नको ते पदार्थ भेगांतून आत शिरतात.

मग आतले रक्षक जागे होतात. रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धाव घेतात. लाली, सूज आणि कंड ही त्यांच्याच धावपळीची चिन्हे. कंड आला की माणूस खाजवतो. खाजविल्याने तटाचे आणखी चार दगड निखळतात, भेग रुंदावते, आणखी पदार्थ आत शिरतात, कंड वाढतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की मूळ कारण दूर झाल्यावरही ते आपल्या गतीने फिरत राहते. भेगाळलेल्या त्वचेवर 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' नावाचे जंतू सहज वस्ती करतात आणि आगीत तेल ओततात.

काहींचा तट जन्मतःच कच्चा का असतो? २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की त्वचेतील 'फिलॅग्रिन' हे प्रथिन बनविणाऱ्या जनुकात दोष असला तर लहानपणीच्या इसबाची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन वरच्या थराची बांधणी घट्ट करते आणि त्यात ओलावा टिकविते. अर्थात हा दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होतोच असे नाही, आणि इसब असलेल्या प्रत्येकात हा दोष सापडतोच असेही नाही. पण ज्या घरात दमा, वारंवार शिंका किंवा इसब आहे, त्या घरातील बाळाला इसब होण्याचा संभव अधिक का असतो, याचा उलगडा त्यामुळे काही अंशी झाला. आईने गरोदरपणी काय खाल्ले, यावरून तिला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एक विकार, अनेक तऱ्हा

इसब एकच नाही. तान्ह्या बाळाच्या गालांवर येणारा, मूल मोठे होऊ लागले की कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत सरकणारा इसब, यास वैद्यकात 'अॅटॉपिक' म्हणतात. जगातल्या काही देशांत दर पाच मुलांमागे एकाला तो होतो. त्यातील पुष्कळ मुलांचा विकार वयाबरोबर सौम्य होत जातो, ही दिलाशाची गोष्ट. म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर थंडीत कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रासारख्या भेगा पडतात, तोही इसब. पायाच्या शिरा फुगलेल्या माणसाच्या घोट्याजवळ होणारा काळपट, पाझरता विकार हाही इसब. डोक्यात व भुवयांत कोंड्यासह येणारा, नाण्याएवढ्या गोल चकत्यांचा, तळहातावर साबुदाण्याच्या दाण्यासारख्या पुटकुळ्यांचा, असे आणखीही प्रकार आहेत.

या सर्वांत विचार करण्याजोगा एक मोठा गट आहे, तो 'स्पर्शजन्य' इसबाचा. त्याच्या पोटात दोन भाग पडतात. पहिला भाग निव्वळ झिजेचा: सतत पाणी, साबण, सोडा, सिमेंट यांत हात बुडत राहिले तर कोणाचाही तट केव्हातरी खचेलच. दुसरा भाग वावड्याचा. यात शरीर एखाद्या पदार्थाची ओळख पटवून घेते आणि त्याच्याशी कायमचे वैर धरते. पहिल्या भेटीत काहीच होत नाही. कित्येकदा वर्षानुवर्षे होत नाही. पण एकदा वैर जुळले की त्या पदार्थाचा कणभर स्पर्शही एकदोन दिवसांत त्वचा पेटवतो. "इतकी वर्षे हेच हाताळत आलो, तेव्हा काही झाले नाही," असे रोगी मोठ्या खात्रीने सांगतो. पण एवढ्यावरून तो पदार्थ निर्दोष ठरत नाही. वावडे येते ते बहुधा ओळखीच्याच वस्तूचे.

गाजरगवताची साक्ष

हे वैर कसे जुळते आणि कारण कसे शोधावे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत घडलेले आहे. पांढऱ्या, बारीक फुलांचे आणि गाजराच्या पाल्यासारख्या पानांचे गवत आज आपल्या शहरातील मोकळ्या भूखंडांवर, रुळांच्या कडेला, नाल्यांच्या काठी आणि मराठवाड्यातील शेतांच्या बांधांवर सर्वत्र दिसते. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याची लोकांनी ठेवलेली नावे. शास्त्रीय नाव 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस'. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. पुण्यात ती आढळल्यानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, जनावरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि अवर्षणातही ती तग धरते. मग तिचा फैलाव व्हायला कितीसा वेळ लागणार?

या गवतापाठोपाठ त्वचारोगतज्ज्ञांकडे एका विशिष्ट तऱ्हेचे रोगी येऊ लागले. बहुतेक प्रौढ पुरुष, बहुतेक उघड्यावर काम करणारे. चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या घड्या लाल, सुजलेल्या आणि अनावर कंडाच्या. उघड्या अंगावरच विकार, म्हणून उन्हाचा दोष असेल असे प्रथमदर्शनी वाटावे. पण ऊन हनुवटीच्या खाली पडत नाही, पापणीच्या घडीत शिरत नाही, कानामागे पोहोचत नाही. आणि या रोग्यांच्या नेमक्या त्याच जागा विकाराने धरल्या होत्या. ज्या सावलीच्या जागी ऊन जात नाही तेथे वारा जातो. अर्थात गुन्हेगार वाऱ्यावरून येत होता. या गवताच्या वाळलेल्या पानांचा, लवेचा आणि फुलांचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो, घामाने ओल्या झालेल्या त्वचेच्या घड्यांत बसतो, आणि त्यातील 'पार्थेनिन' नावाचे द्रव्य हे वैर पेटवते. पुण्यातील अशा रोग्यांचे निरीक्षण करून लोणकर आणि त्यांचे सहकारी मिचेल व कॅल्नन यांनी १९७४ साली हे निष्कर्ष लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

या हकीकतीतून घेण्यासारखे धडे तीन. पहिला: विकार अंगावर कोठे आहे आणि कोठे नाही, हे पाहणे हाच निदानाचा अर्धा भाग. दुसरा: कारण रोज डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, कारण ते सवयीचे झालेले असते. तिसरा आणि कडू धडा असा की कारण सापडले म्हणजे ते टाळता येतेच असे नाही. ज्याचे शेत आणि पोट याच गवताच्या मधोमध आहे, त्याने जावे कोठे? अशा रोग्यांना तज्ज्ञ डॉक्टर 'अझाथायोप्रिन'सारखी औषधे, वेळोवेळी रक्त तपासून, देतात. त्यांचा चांगला उपयोग होतो, पण ती आपल्या मनाने घेण्याची औषधे मुळीच नव्हेत. शिवाय झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही फुले याच कुळातली. गाजरगवताचे वावडे असलेल्या काहींना शेवंतीचा हारही सोसत नाही.

घरातले आणि कामावरचे गुन्हेगार

आपल्याकडचा दुसरा जुना गुन्हेगार म्हणजे बिब्बा. एखाद्याच्या कामात अडथळा आणणे याला आपण 'बिब्बा घालणे' म्हणतो, आणि कातडीवर फोड येऊन ती सोलवटली की 'बिब्बा उतला' म्हणतो. दुखऱ्या गुडघ्याला किंवा तळपायाच्या भेगांना बिब्ब्याचे तेल लावण्याची चाल खेड्यापाड्यांतून अजून आहे. त्या तेलातील द्रव्य त्वचेला जाळतेही आणि वावडेही उत्पन्न करते. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी इसब उठू लागला, तेव्हा १९४३ साली अमेरिकन डॉक्टरांनी त्याचे 'धोबीखुणेचा त्वचादाह' असे नाव ठेवले.

घरात पाहावे तर कपाळावरची टिकली. तिच्या मागच्या गोंदातील रसायनाने कपाळावर गोल इसब उठतो, आणि काही स्त्रियांत त्या जागी पांढरा डागही पडतो. केसांचा कलप आणि त्याच रसायनाची भेसळ असलेली 'काळी मेंदी', खोट्या दागिन्यांतील निकेल, चपलेच्या पट्ट्यातील रबराची रसायने, हीही नित्याची उदाहरणे. लसूण सोलणाऱ्या गृहिणीच्या ज्या बोटांत पाकळी धरलेली असते, बहुधा डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची बोटे, त्यांचीच टोके भेगाळतात. कामावर पाहावे तर गवंड्याला सिमेंटमधील क्रोमियमचे क्षार, आणि वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून यंत्रावर धातू कापताना लागणारी तेले.

कारण नुसत्या विचारपुशीने सापडले नाही तर त्यासाठी एक चाचणी आहे. संशयित पदार्थ अत्यल्प प्रमाणात लहान चकत्यांवर घेऊन पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि कोणत्या चकतीखाली इसब उठला ते त्या वेळी व पुन्हा एकदोन दिवसांनी पाहतात. यास 'पॅच टेस्ट' म्हणतात. जर्मन त्वचाशास्त्रज्ञ याडासोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. भारतातील लोकांच्या वापरातील पदार्थ निवडून केलेली चाचणीची खास भारतीय मालिका आहे. तिच्यात गाजरगवताचाही समावेश आहे.

ओळखताना होणारे घोटाळे

प्रत्येक कंड म्हणजे इसब नव्हे. घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी कंड सुटला असेल, तो रात्री वाढत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या असतील, तर ती खरूज. ती एका सूक्ष्म किड्याने होते आणि ती मात्र लागट आहे. कड उठावदार, मध्यभाग निवळलेला आणि कडेने पसरत जाणारी चकती असेल, विशेषतः जांघेत किंवा कमरेवर, तर तो गजकर्ण अथवा नायटा. त्याचे कारण बुरशी. इसबाचे मलम नायट्याला लावले तर कंड चार दिवस थांबतो, पण बुरशी आतल्या आत फोफावते. पुढे तिचा चेहराच बदलतो आणि डॉक्टरांनाही ती ओळखणे अवघड जाते.

रोजची डागडुजी

आता उपचाराकडे वळू. त्यातील सर्वांत मोठा भाग घरात होतो, आणि तो स्वस्तही आहे.

स्नान रोज करावे. 'इसबाला पाणी लावू नये' ही समजूत चुकीची. पाणी कोमट असावे, कडकडीत नसावे, आणि पाचदहा मिनिटांत आटोपावे. नळाच्या पाण्याची ओढाताण या शहराने वर्षानुवर्षे अनुभवली आहे. पण इसबाच्या रोग्याला एक बादली पुरते. कूपनलिकेच्या कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण तो अधिक चोळतो आणि तो अंगावर तसाच राहतो. दोष तेथे आहे. इंग्लंडमध्ये इसबाच्या मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे बसवून पाहिली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मुलांच्या इसबात काही फरक आढळला नाही. तेव्हा यंत्रावर खर्च करण्यापेक्षा साबण सौम्य आणि बेताचा वापरणे बरे. डाळीचे पीठ, उटणे, काथ्या यांनी घासणे इसबाच्या त्वचेला सोसत नाही. दिवाळीचे अभ्यंगस्नान अवश्य व्हावे, पण त्यातील अभ्यंग घ्यावा आणि घर्षण सोडावे.

स्नानानंतर अंग टिपावे, पुसू नये, आणि ते दमट असतानाच, तीनचार मिनिटांच्या आत, स्निग्ध लेप लावावा. हाच तो चुना. साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचे कोणतेही मलई-मलम चालते. खोबरेल तेलाचा मुलांच्या इसबावर उपयोग होतो असे फिलिपिन्समधील चाचण्यांत दिसून आले आहे. उलट मोहरीचे तेल आणि ऑलिव्ह तेल यांनी तट अधिक ढिला होतो, असा अनुभव आहे. लेप दिवसातून दोनदा, आणि सढळ हाताने लावावा. सर्वांगावर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लेप लागतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण आपल्याकडे लेप 'लागू पडत नाही' याचे एक कारण तो बोटाच्या टोकावर घेऊन पुरवून पुरवून वापरणे हे आहे. आणि त्वचा बरी दिसू लागली तरी तो थांबवू नये.

नखे कापलेली असावीत. कपडे सुती व सैल असावेत. लोकर थेट अंगाला लागू देऊ नये. भांडी घासताना रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे घालावेत. कंड असह्य झाला तर खाजविण्याऐवजी थंड पाण्याची ओली घडी ठेवावी. कडुनिंबाचा वाटलेला पाला, लिंबाचा रस, रॉकेल, चुना, विडीची राख असले प्रयोग उघड्या त्वचेवर करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणेच होय.

आमच्या हवेचेही भान ठेवावे. थंडीत मराठवाड्याची हवा कोरडी असते; तेव्हा लेप दुप्पट हवा. उन्हाळ्यात घामाने कंड वाढतो. तेव्हा घाम आला की ओल्या फडक्याने टिपून कपडा बदलावा. पहिल्या पावसाबरोबर गाजरगवत उगवते, म्हणून त्याचे वावडे असलेल्याने तेव्हापासून सावध असावे.

मलमाचे शस्त्र

डागडुजीने भागत नाही तेव्हा आग विझवावी लागते. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेच्या दाहावर गुणकारी असल्याचे दाखविले आणि इसबाच्या उपचारात नवे युग सुरू झाले. ही स्टेरॉईडची मलमे आजही इसबाच्या उपचारातील मुख्य शस्त्र आहेत. शस्त्र म्हटले की ते कोणाच्या हाती आहे याला महत्त्व येते.

यांचे सौम्य ते अतितीव्र असे दर्जे आहेत. तळपायाला जे चालते ते चेहऱ्याला चालत नाही. मोठ्याला जे चालते ते तान्ह्याला चालत नाही. योग्य दर्जाचे मलम, योग्य जागी, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावले तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीतीपोटी ते निम्मेच लावून इसब रेंगाळत ठेवणारेही पुष्कळ आहेत. प्रमाणासाठी एक सोपे माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून मलमाची जेवढी रेघ निघते, ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते.

खरा अनर्थ होतो तो दुकानातून परस्पर घेतलेल्या मिश्र मलमांनी. एकाच नळीत तीव्र स्टेरॉईड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक! कंडावर, मुरुमांवर, एवढेच काय पण गोरेपणासाठीसुद्धा ही मलमे वापरली जातात. काही महिन्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर केस येतात, आणि मलम सोडताच चेहरा पेटतो. म्हणून पुन्हा मलम. हा प्रकार इतका वाढला की २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉईड मलमे 'एच' अनुसूचीत घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, त्याचा अंमल निम्मा आपल्या हाती आहे. दुकानदाराला "खाजेवर काहीतरी द्या" असे म्हणणे आपणच थांबविले पाहिजे.

अलीकडे टॅक्रोलिमससारखी स्टेरॉईड नसलेली मलमे आली आहेत. ती चेहऱ्यासारख्या नाजूक जागी उपयोगी पडतात. तीव्र विकारासाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शने २०१७ पासून वापरात आली, पण ती फार महाग आहेत. बहुसंख्य रोग्यांना त्यांची गरजही नसते.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नये. इसबावर एकाएकी दुखऱ्या, एकसारख्या बारीक फोडांचा घोस उठणे आणि ताप येणे. पू व पिवळी खपली धरणे. किंवा सर्वांग लाल होऊन सोलवटू लागणे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, लोकांच्या तोंडची 'घाटी', १९५६ पासून या सबंध प्रदेशाला आधार देत आले आहे.

पथ्याचा प्रश्न

इसब म्हटला की पहिला प्रश्न येतो, "खायचे काय बंद करू?" वांगे बंद, आंबट बंद, डाळी बंद, दूध बंद, अंडी बंद, शेवटी मुलाच्या ताटात उरते काय? अन्नाने इसब वाढतो अशी मुले थोडी असतात, आणि ती बहुधा लहान वयाची व तीव्र विकाराची असतात. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच पित्त उठते, उलटी होते, ओठ सुजतात, असे स्पष्ट दिसत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तेवढाच पदार्थ टाळावा. सरसकट पथ्याने इसब कमी होत नाही, मुलाचे वजन तेवढे कमी होते.

पुढील काम

डॉक्टरांकडे जाताना रोग्याने एक छोटी वही न्यावी. विकार कोठे सुरू झाला, कोणत्या ऋतूत वाढतो, सुट्टीवर गेल्यावर कमी होतो काय, हात कोणत्या कामात असतात, आतापर्यंत काय काय लावले, हे तीत लिहिलेले असावे. लावलेल्या मलमांच्या रिकाम्या नळ्याही बरोबर न्याव्यात. "हा कायमचा जाईल का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर बहुधा "सांगता येत नाही" हेच असते, पण "हा कशाने वाढतो आणि आम्ही रोज काय करावे?" या प्रश्नाला उत्तर असते, आणि त्या उत्तरावर माणूस सुखाने झोपू शकतो.

काही काम मात्र एकट्यादुकट्या रोग्याचे नाही. मेक्सिकोहून आणलेले गाजरगवत खाणारे भुंगेरे १९८४ पासून आपल्या देशात सोडले गेले; ते पावसाळ्यात चांगले काम करतात, पण सर्व भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. जून-जुलैमध्ये, फुले येण्याच्या आधी, जमीन ओली असताना हे गवत मुळासकट सहज उपटते. प्रत्येक मोहल्ल्याने, शाळेने, गृहरचना संस्थेने आपल्या भोवतीचे एवढे गवत हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून उपटले, आणि ते न जाळता खड्ड्यात कुजविले, तर पुढच्या वर्षीच्या लाखो बिया धरणारच नाहीत. ज्यांना आधीच वावडे आहे त्यांनी या कामातून दूर राहावे. त्यांच्या वाटणीचे गवत शेजाऱ्यांनी उपटावे. व्याख्यानमाला वसंतात संपते आणि गवत त्यानंतर महिन्याभरात उगवते. तेव्हा या वर्षीच्या पहिल्या पावसानंतरचा एक रविवार त्यासाठी राखून ठेवावा, एवढीच आमची विनंती.